देव कधी बाहेर काढायचे

समोरच्या वहिनींनी काल जिन्यात गाठून पुन्हा विचारलं, "बुधवारी स्कॅन आहे ना भाऊजींचा? देव पाण्यात ठेवलेत की नाही?"

"नाही," मी म्हटलं, "माझे देव कोरडे आहेत आणि कोरडेच राहणार."

घरात येऊन दार लावलं ते जरा जोरातच लागलं. वहिनी वाईट नाहीत. आमच्या वाईट दिवसांत त्यांनी दोन महिने रोज एक भाजी आणून दिली आहे, आणि तीही न विचारता. पण दर सहा महिन्यांनी त्या हा एक प्रश्न विचारतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण एकदा मी देव पाण्यात ठेवले होते. चांगले अकरा दिवस ठेवले होते, आणि त्यातून जे निघालं ते वहिनींना जिन्यात उभं राहून सांगता येण्यासारखं नाही.

माझा नवरा भजनी माणूस. उभा जन्म बंदरात नोकरी केली, नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये वीस वर्षं काढली, पण एकादशीला आणि शनिवारी संध्याकाळी तो गावाच्या देवळात गेला नाही असं झालं नाही. गाव म्हणजे इथून रिक्षानं अर्ध्या तासावर. खाडीकाठचं, आता अर्धं इमारतींनी गिळलेलं. देऊळ मात्र जागेवर आहे. तिथल्या भजनी मंडळात हा मुख्य गाणारा. याने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, असं तीस-पस्तीस वर्षं चाललेलं. आवाज फार गोड होता असं नाही, पण मोठा आणि स्वच्छ होता, आणि त्यात जराही बनाव नव्हता. मी शाळेत मराठी शिकवायचे, मला माणसाच्या आवाजातला बनाव लगेच कळतो.

तो आवाज गणपतीनंतर बसला. सगळे म्हणाले, आरत्या जास्त झाल्या. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. दिवाळी गेली तरी घसा खरखरतच होता. शेवटी डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं आणि म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे, तुकडा काढून तपासायला पाठवू. तुकडा काढला. आठ दिवसांत रिपोर्ट येईल, तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असं बजावून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

मग सुरू झाली समाचाराला येणाऱ्यांची रीघ. माझा संताप तिथून सुरू झाला, हे आधीच सांगून टाकते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. "तंबाखू खायचे का?" नाही हो, नाही खायचा. सुपारीचं खांडसुद्धा नाही. "मग विडी?" नाही. "तरुणपणी कधी?" मी नाही म्हणाले की त्यांचे चेहरे अगदी पडायचे. माणसाला काही तरी चूक सापडली की बरं वाटतं, कारण मग आपण सुरक्षित असतो. चूक सापडली नाही तर देवाची पाळी येते. "देव करतो ते बऱ्यासाठीच," एक जण म्हणाले. सोफ्यावर रेलून, माझ्या हातचा चहा पीत म्हणाले. "देव आपल्या माणसाचीच परीक्षा घेतो," असं दुसऱ्या एक बाई म्हणाल्या. मी एकतीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत. आधी पोरांना धडा शिकवतात, अभ्यासक्रम सांगतात, तारीख सांगतात, आणि नापास झालेल्याचा गळा कापत नाहीत. हे मी त्या बाईंना तोंडावर बोलून दाखवलं. त्या पुन्हा आल्या नाहीत आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पण खरा राग या लोकांवर नव्हता. तीस वर्षं ज्या गळ्यानं देवाचं नाव घेतलं, देवाने नेमका तोच गळा धरावा? पाय होता, गुडघा होता, पोट होतं. शरीरात इतक्या जागा आहेत. गावात कधी टाळाला हात न लावलेली, दिवसाढवळ्या लोकांच्या जमिनी लाटणारी माणसं ठणठणीत आवाजात मोबाईलवर बोलत फिरत होती, आणि माझा नवरा शाळेच्या उरलेल्या वहीत "चहा दे" असं लिहून मला दाखवत होता. कोणत्या तोंडाने मी देवाला दयाळू म्हणायचं?

त्याच रागात एका सकाळी मी देव पाण्यात ठेवले.

माझं माहेर जुन्या पनवेलातलं. माझी आई उठल्यासुटल्या देव पाण्यात ठेवायची. भावाच्या दहावीच्या निकालाला ठेवले, मामाच्या कोर्टाच्या निकालाला ठेवले, क्रिकेटच्या एका फायनललासुद्धा ठेवले आणि आपण जिंकल्यावर श्रेय घेतलं. काम झालं की देव बाहेर काढायचे, पुसायचे, गोडाचा नैवेद्य दाखवायचा. आमच्याकडे त्यात भक्तीपेक्षा दमच जास्त असायचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे देवालाही लागू आहे अशी माझ्या आईची समजूत होती.

घरातलं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे इडलीचं पातेलं. ते नळाखाली धरून भरलं आणि एकेक देव उचलून आत सोडला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड, कुलदेवीचा टाक. सगळे सासरचे, वास्तुशांतीच्या वेळी सासूबाईंनी गावाहून आणून दिलेले. बाळकृष्ण जरासा कलंडून तळाशी बसला आणि त्याच्या नाकातून एक बुडबुडा वर आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मनापासून बरं वाटलं. "आता कळेल," असं मी मोठ्यानं म्हणाले. फोटोतल्या देवांना पाण्यात घालता येत नाही म्हणून ते सुटले.

नवऱ्यानं स्वयंपाकघरात येऊन पातेल्यात डोकावून पाहिलं. मग वहीत लिहिलं, "दिवस थंडीचे आहेत."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय?" मी ओरडले.

त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. "निदान कोमट तरी घालायचंस."

आठ दिवस झाले, रिपोर्ट नाही. फोन केला तर कळलं की नमुना पुन्हा तपासायला मोठ्या ठिकाणी पाठवलाय. का पाठवलाय ते फोनवरचा माणूस सांगेना. "मॅडम, थोडं थांबा," एवढंच. मी रोज सकाळी पातेल्यात पाणी कमी झालं असेल तर ओतायची. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की मात्र पंचाईत व्हायची. सवयीने निरांजन देव्हाऱ्यात ठेवायची आणि समोर बघायची तर लाल कापडावर चार गोल डाग तेवढे असायचे, देव उचललेल्या जागचे. रिकाम्या पाटाला ओवाळून मी मागे फिरायची. पातेल्यापुढे दिवा लावावा का, असंही एकदा मनात आलं, पण ते गॅसच्या ओट्यावर होतं आणि शेजारी कुकर.

अकराव्या दिवशी सासूबाई आल्या.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या आसपास होत्या. गावातच राहायच्या, लहान दिराकडे. जन्मभर मिठागरात आणि खाडीत राबलेलं शरीर, काटक, बारीक. आमच्या चार जिन्यांना त्या कधी दबल्या नाहीत. पिशवीत सुका जवळा, वालाच्या शेंगा आणि देवळातला अंगारा घेऊन आल्या. पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, अंगारा लावला आणि तशाच देव्हाऱ्याकडे गेल्या. हात जोडले ते तसेच राहिले.

"देव कुटं हायत गो?"

मला वाटलं, त्या खूश होतील. इतक्या वर्षांत प्रथमच सुनेनं काही तरी जुन्या वळणाचं केलं होतं. मी पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. "पाण्यात ठेवलेत, आई. रिपोर्ट चांगला येईपर्यंत काढणार नाही."

त्यांनी वाकून पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना राग आलेला मी त्याआधी दोनदाच पाहिला होता. एकदा जमिनीची मोजणी करायला आलेल्या माणसावर आणि एकदा दारू पिऊन भजनाला आलेल्या चुलत दिरावर. या वेळी तो माझ्यावर होता.

"आनि वाईट आयला तं?"

"वाईट येणारच नाही."

"पन आयला तं? मंग देव कवा काडशील?"

खरं सांगायचं तर हा विचार मी केलाच नव्हता. माझ्या माहेरी भाऊ पास व्हायचा, मामा केस जिंकायचा, देव बाहेर यायचे. गोष्ट उलटी झाली तर देवांचं काय करायचं, हे आईने मला शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं मुलांना प्रश्न वाचून उत्तरं लिहा म्हणून सांगणारी मी, मीच प्रश्न अर्धा वाचला होता.

मग सासूबाईंनी सांगितलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो पाच वर्षांचा असताना त्याचे वडील खाडीत गेले आणि परत आले नाहीत, एवढं मला माहीत होतं. होडी सापडली, माणूस सापडला नाही. पुढचं या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"तवा माज्या सासूनं देव पान्यात ठेवलं," त्या म्हणाल्या. "हंड्यात. पोरगा आला का काडीन, बोलली. आट दिस जेले, म्हयना जेला. तो काय आयला नाय. देव काडायचे मंजे तो मेला. मंग काडनार कोन?"

देव तसेच राहिले. हंड्यातलं पाणी आटलं की त्यांची सासू नवीन ओतायची. घरात दिवा नाही, सण नाही. सासूबाईंनी कुंकू पुसायचं तर नवरा मेला म्हणायला कुणी तयार नाही, आणि लावायचं तर लोक बघतात. पाच वर्षांचा पोरगा रोज हंड्यात हात घालून देवांशी खेळायचा. देवांवर शेवाळ धरलं. असं जवळजवळ वर्ष गेलं.

"नारळी पुनवेला मीच काडलं," सासूबाई म्हणाल्या. "सासू वरडाय लागली, हात नको लावू, माजा पोरगा मरंल. मी बोलली, तो मेलाय आये. आता देवाला कशाला मारतंस?"

त्यांनी देव पुसले, चिंचेनं घासले, जागेवर ठेवले आणि दिवा लावला. तो दिवा लावल्यावर त्या विधवा झाल्या. हे शेवटचं वाक्य त्या नाही बोलल्या, ते माझं आहे.

"हेच देव," त्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बग त्याचा गुडघा."

मला बघायची गरज नव्हती. बाळकृष्णाच्या रांगत्या गुडघ्याच्या खाचेत एक हिरवट-काळा डाग आहे. वीस वर्षं मी तो चिंचेनं, लिंबानं, राखेनं, काय काय करून घासत आले होते आणि ओतकाम करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते.

दुसऱ्या कुणाचं मन इथे विरघळलं असतं. माझा तर भडकाच उडाला. "तुमचा नवरा नेला, देहसुद्धा दिला नाही, आता मुलाचा गळा धरलाय, आणि तुम्ही त्याला पुसायला निघालात? कसला चांगला हो तुमचा देव? आई, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो ना," त्या म्हणाल्या. "लय येतो. पन्नास-पंचावन्न वरसं झाली, अजून बोलतंय मी त्याला. पन तो वंगाळ हाय असं नाय बोलायचं. वंगाळ मानसावर कोन रुसतो गो? त्याच्या दारात आपुन जातच नाय. चांगल्यावरच रुसायचं." आणि जरा थांबून म्हणाल्या, "भांड त्याच्याशी. मोट्यानं भांड. पन त्याला असा धरून नको ठेवू. तू ठेवलंस, तूच काड. रिपोट यायच्या आदी काड."

मला त्यांचं पटलं असं मी म्हणणार नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या बाईला असं बोलायचा हक्क होता. चहा पीत उपदेश करणाऱ्या एकालाही तो नव्हता.

मी देव काढले. पाणी गार होतं, बोटं वाकडी झाली. सासूबाईंनी मदत केली नाही, स्टुलावर बसून नुसत्या बघत राहिल्या. टाक पुसला, पिंड पुसली, अन्नपूर्णेच्या पळीत अडकलेलं पाणी फुंकून काढलं. बाळकृष्णाला पुसताना त्याच्या गुडघ्यापाशी माझा हात थांबला. पाच वर्षांच्या पोराने हंड्यात हात घालून याच्याशीच खेळ केले असणार. मी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तो बाळकृष्णाकडे बघत होता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वाईट होता.

सासूबाईंनी तो ऐकला, पदर तोंडाशी धरला, आणि संध्याकाळी रोजच्या वेळेला उठून दिवा लावला. मला ते जमलं नाही. मी देव्हाऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, समोरच्या वहिनी वाचतात. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. पातेल्याशी मला असं भांडता आलं नसतं. अकरा दिवस मी नुसती झाकण काढून पाणी मोजत होते, त्या 'आता कळेल'नंतर एक शब्द देवाशी बोलले नव्हते. आता तो समोर बसला होता, कोरडा, आणि ऐकून घेत होता. एवढं ऐकूनही तो जागेवर राहिला आणि मीही राहिले.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. आता तो गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून श्वास घेतो आणि त्यावर पातळ रुमाल बांधतो. वह्या किती झाल्या ते मी मोजलेलं नाही. "चला, बोलणी तरी वाचली," असा विनोद एका नातेवाइकांनी केला होता, त्यांना मी अजून घरात घेत नाही.

चार महिन्यांनी एका शनिवारी त्याने शर्ट घातला आणि वहीत लिहिलं, "देवळात." मी नको नको म्हणत होते. लोक बघतील, कीव करतील, आणि मला ती सहन होणार नाही. तरी गेलो. सासूबाई आधीच बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मंडळींनी त्याची जागा तशीच मोकळी ठेवली होती, पखवाजाच्या उजव्या हाताला. तो तिथे बसला आणि त्याने टाळ घेतले.

एकाने अभंग धरला. दोन चरण झाले. तिसऱ्या चरणाला पूर्वीपासून याची पाळी असायची. गाणारा थांबला. दुसरा कुणी पुढे सरसावला नाही, कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. पखवाज चालू राहिला आणि माझ्या नवऱ्याने ओठ हलवत, डोळे मिटून, एका ओळीचे टाळ वाजवले. देवळात फक्त टाळ आणि पखवाज. ओळ संपली त्या ठोक्यावर सगळ्या मंडळींनी तीच ओळ उचलली, ऐकू आली असावी तशी.

मी मागे दाराशी बसून रडले, आणि ते भक्तीने रडले असं कुणी समजू नये. मला त्याचा आवाज परत हवा होता. अजून हवा आहे. बायकांच्या बाजूने सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हाताने खूण केली, पुढे बस म्हणून. मी पुढे जाऊन बसले.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. बुधवारी पुन्हा स्कॅन आहे आणि मला भीती वाटते, ती दर वेळी तेवढीच वाटते. आज सकाळी देवांना आंघोळ घातली. पाणी कोमट घेतलं. बाळकृष्णाला पुसताना गुडघ्याचा डाग नुसता टिपला, तो मी आता घासत नाही. "बुधवार लक्षात आहे ना?" मी त्याला म्हटलं, "माझं अजून बोलून झालेलं नाही." आणि त्याला त्याच्या जागेवर ठेवून दिवा लावला.